नोकरी सोडण्याचं कारण

माझ्या बायकोच्या हृदयात धातूची झडप आहे. ती बसवली त्या वर्षापासून मला नोकरी सोडता आली नाही.

मी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका तारेच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. हजेरी लावायची, रजा मांडायच्या, ओव्हरटाइम काढायचा. नवा माणूस लागला की त्याची कामगार विम्यात नोंद करून कार्ड काढून द्यायचं. घर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अलीकडे. सकाळी साडेसहाला नाक्यावर कंपनीची बस यायची, सरळगावला चहासाठी पाच मिनिटं थांबायची आणि साडेसातच्या आत गेटवर सोडायची. टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून पत्र्याची खोली. एक खिडकी गेटकडे, दुसरी आत मशीनच्या खात्याकडे. बसल्या जागेवरून मला सगळे येताना दिसायचे आणि जाताना दिसायचे. मी मात्र हलायचो नाही.

धाकटा भाऊ गावाला भेंडी करतो. त्याची भेंडी चांगल्या बाजारात जाते. तो दर वर्षी म्हणायचा, "ये ना, दोघं मिळून अजून एक तुकडा लावू." मी दोनदा राजीनामा लिहिला. दोन्ही वेळा तो ड्रॉवरमध्येच राहिला. बायकोला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत. दर महिन्याला रक्त तपासून त्यांचं प्रमाण ठरतं. ते सगळं कामगार विम्यातून व्हायचं. ऑपरेशनही त्यातूनच झालं होतं. मी नोकरी सोडली की कार्ड बंद, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असणारच. कार्ड बंद करणारा माणूस मीच होतो.

अठ्ठावन्न वर्षं भरलेल्या माणसाचा शेवटचा दिवस म्हणजे नारळ, शाल, पेढे. मग तो माझ्या खिडकीशी यायचा. मी त्याच्याकडून ओळखपत्र आणि विम्याचं कार्ड मागून घ्यायचो, दोन्ही फायलीला स्टेपल करायचो आणि सांगायचो, "आता दवाखाना बंद हां. पुढचं ज्याचं त्याने बघायचं." मग कॉम्प्युटरवर त्याचं नाव कमी करायचो. तिथे एक रकाना येतो, नोकरी सोडण्याचं कारण. त्यावर टिचकी मारली की यादी उघडते. मी 'लेफ्ट सर्व्हिस' निवडायचो. माझ्या आधीच्या क्लार्कने तसंच शिकवलं होतं. गेला म्हणजे लेफ्ट. त्याच यादीत थोडं खाली 'रिटायर्ड' असंही होतं. ते मी किती वेळा पाहिलं असेल, पण वाचलं कधी नाही.

माझी निवृत्ती वर्षा-दीड वर्षावर आली तेव्हा माझी झोप उडाली. अठ्ठावन्नानंतर एक-दोन वर्षांचं एक्स्टेन्शन मिळालं तर तेवढी गोळ्यांची सोय झाली असती. पुढे काय, ते मी विचारात घ्यायचो नाही.

एक दिवस बायको दवाखान्यातून आली आणि पदर खोचून तांदूळ निवडायला बसली. मी बूट काढतोय तोवर म्हणाली, "अहो, आज रांगेत एक बाई भेटली. तिचे मालक रिटायर होऊन तीन वर्षं झाली. तरी तिचं कार्ड चालू आहे."

"दुसऱ्या कशाचं कार्ड असेल."

"नाही हो, हेच. वर्षातून एकदा थोडे पैसे भरायचे आणि अर्ज द्यायचा. नवरा-बायको दोघांना चालतं. तिने मला कागद दाखवला."

मी जरा हसलोच. म्हणालो, "अगं, मी तिथेच बसतो. असं काही असतं तर मला नसतं कळलं?"

तिने निवडलेले खडे दाराबाहेर टाकले. "मला काय माहीत तुम्हाला काय कळतं ते. विचारून तर या."

पुढच्या आठवड्यात अर्धी रजा टाकून मी विम्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी एका दमात सांगितलं. निदान पाच वर्षं विम्यात काढलेला कामगार वय झालं म्हणून निवृत्त झाला, तर त्याला आणि त्याच्या जोडीदाराला दवाखाना चालू राहतो. दर वर्षी ठरलेली लहानशी रक्कम आगाऊ भरायची. कंपनीचा दाखला लागतो. "आणि तुमच्या सिस्टिममध्ये त्याचं कारण रिटायर्ड पडलेलं पाहिजे. लेफ्ट पडलं असेल तर त्याने स्वतःहून काम सोडलं असाच अर्थ निघतो. मग आम्हाला काही करता येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी एक कोरा अर्ज दिला. मी आणखी मागितले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दहा-बारा मोजून दिले.

बाहेर येऊन मी बाकावर बसलो. पहिल्यांदा आनंदच झाला, हे खोटं कशाला सांगू. बायकोची काळजी मिटली होती. नंतर मला एकेकाची शाल आठवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सगळे बसमधून उतरून आत गेल्यावर मी जुन्या नोंदी काढल्या. मी टाइम ऑफिसला आल्यापासून नऊ जण अठ्ठावन्न भरून गेले होते. नवाच्या नवांपुढे लेफ्ट सर्व्हिस. नऊ फायली काढल्या. प्रत्येकीला एक कार्ड स्टेपल केलेलं.

आमचे साहेब कल्याणहून मोटारीने यायचे. वय पस्तिशीचं, स्वभावाने वाईट नाही. मी दुपारी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कोणी तक्रार केलीय का?"

"नाही साहेब. त्यांना माहीतच नाही."

"मग पुढच्यांचं नीट करा. मागचं उकरू नका. एक दुरुस्त केलं की नऊ करावी लागतील, आणि वरून मला विचारतील, इतकी वर्षं काय चाललं होतं. मला इथे येऊन दोन वर्षं झालीत." मग फोन उचलता उचलता म्हणाले, "तुमच्या एक्स्टेन्शनचं मी वर बोलतोय. जरा सांभाळून."

मी खिडकीशी परत येऊन बसलो. माझ्या दाखल्यावरही त्यांचीच सही लागणार होती. म्हणजे एक्स्टेन्शन त्यांच्या हातात आणि बायकोच्या गोळ्याही त्यांच्याच हातात. त्या खोलीत मी बारा वर्षं बसत होतो, पण तिची भिंत इतकी जवळ आहे हे त्या दिवशी जाणवलं.

पुढच्यांचं नीट करा असं सांगितलं होतं, म्हणून ते तरी करू असं ठरवलं. त्या वर्षात तिघे निवृत्त होणार होते. सकाळी बसमध्ये मी त्यांच्यामागच्या सीटवर जाऊन बसलो आणि अर्ज दाखवला.

एक जण म्हणाला, "आजारी पडायचा फॉर्म आत्तापासून कोण भरतो भाऊ?"

दुसऱ्याने अर्ज हातातही घेतला नाही. "पैसे भरायचे बोलता, म्हंजे कसली तरी पॉलिसीच असंल. माझ्या साडूनं असंच घालवलंन."

"अरे पॉलिसी नाही. आपलं विम्याचंच कार्ड, ते चालू ठेवायचं."

तिसरा, मागून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "गेल्या सालापर्यंत तुमीच कार्ड काढून घ्यायचात ना? दवाखाना बंद, असं तुमीच बोलायचात. आता चालू बोलता. आमी कंचं खरं मानायचं?"

बस हसली. चहाला मी खाली उतरलो नाही.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "पुरुषांना कशाला सांगत बसता? त्यांच्या बायकांचे नंबर द्या." मी तीन नंबर काढून दिले. तिने जेवणं उरकल्यावर एकेकीला फोन लावला. "ताई, मी टाइम ऑफिसवाल्यांची मिसेस. तुम्हाला बीपीची गोळी आहे का? कुठून घेता? दादा रिटायर झाल्यावर कुठून घेणार?" दहा-दहा मिनिटं ती बोलली. स्वतःच्या झडपेपासून सुरुवात करून समोरच्या बाईच्या गुडघ्यापर्यंत पोचायची. सोमवारी त्या तिघांपैकी दोघे माझ्या खिडकीशी जोडप्याचा फोटो घेऊन उभे होते. बसमध्ये सगळ्यांत मोठ्याने बोलणारा चार दिवसांनी आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमच्या घरात दोन दिस जेवण नीट मिळंना. घ्या, भरा."

पुढच्यांचं झालं. मागच्यांचं मी दोन महिने काहीच केलं नाही. ते दोन महिने मला लिहिताना वगळता आले असते, पण ते वगळले तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. फायली कपाटात होत्या. कपाट माझ्या खुर्चीच्या मागे होतं. मी रोज त्याला पाठ करून बसायचो.

त्या नवांत एक भट्टीवाला होता. तार नरम करायच्या भट्टीवर त्याने उभं आयुष्य काढलं होतं. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा. दुपारचा डबा तो माझ्या खोलीत खायचा, कारण भट्टीजवळ जेवण जात नाही. नाचणीची भाकरी असली की अर्धी माझ्या डब्यात टाकायचा. त्याला दम्याचा त्रास होता. दवाखान्यातून ओढायचा पंप मिळायचा. त्याच्याकडून कार्ड घेताना त्याने दोनदा विचारलं होतं, "भाऊ, नक्की बंद ना?" आणि मी म्हणालो होतो, "नक्की."

एका रविवारी बायकोने विचारलं, "भट्टीवाल्या दादांना सांगितलंत का?"

"साहेब नको म्हणतात."

"साहेबांचं विचारलंच नाही मी." तिने गोळ्यांची डबी उघडली. मग म्हणाली, "माझी गोळी घेताना मला त्यांच्या बायकोचं तोंड आठवतं. तुम्हाला नाही आठवत?"

मी त्याच दिवशी निघालो. शहापूरला जाऊन डोळखांबची जीप धरली, तिथून पुढे पायी. भाताची झोडणी चालू होती. खळ्यात त्याची सून आणि दोन बायका काम करत होत्या. तो लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दगडावर बसलेला. मला बघून उठायला गेला आणि तसाच परत बसला.

"या भाऊ. आज कसं काय येणं केलंत? कोण गेला का?"

"कोणी गेलं नाही, दादा."

"मंग बसा. धूळ लय हाय, मला जमत नाय तिकडं."

बोलता बोलता त्याने बंडीच्या खिशातून पंप काढला, हलवला, तोंडाला लावून दाबला. काहीच आवाज आला नाही. माझं लक्ष गेलेलं पाहून तो म्हणाला, "रिकामा हाय. सवय लागली, ओढल्याबिगर बरं वाटत नाय. लयच झालं तर बाहेरून एखादा आणतो."

मी त्याला सांगितलं. कार्यालयातल्या बाई, यादी, रकाना, सगळं. 'लेफ्ट' म्हणजे काय आणि 'रिटायर्ड' म्हणजे काय, तेही. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला,

"म्हंजे त्या दिवशी मी कार्ड द्यायलाच नको होतं?"

"नको होतं."

"आन तुमी मागितलंत."

"हो. मी मागितलं."

दारातून त्याची बायको ऐकत होती. ती म्हणाली, "तुमी बोललात बंद, आमी बोललो बंद. शिकलेला माणूस बोलला. आमी दुसऱ्या कुणाला इचारायचं तरी कशाला?" एवढं बोलून ती आत गेली. मला वाटलं आता ती येणार नाही. थोड्या वेळाने कोरा चहा घेऊन आली आणि पहिला कप माझ्या हातात दिला. तो चहा पिताना मला जितकं कोंडल्यासारखं झालं तितकं शिव्या खाऊनही झालं नसतं.

भट्टीवाला म्हणाला, "आता काय करायचं त्ये सांगा. मी रागावून बसलो तर माझाच दम जातो."

सोमवारी मी साहेबांकडे पुन्हा गेलो. या वेळी उभाच राहिलो. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं असावं की मी बाहेर जाणार नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "चूक कंपनीची नाही, तुमची. वैयक्तिक. तसं लिहून द्या. त्यावर मी पुढे पाठवतो. पण ते पत्र तुमच्या फायलीत राहणार. मग एक्स्टेन्शनचं मी काही बोलू शकणार नाही. वरचे फाइल बघतात."

"माझा दाखला?"

"तो नियमाने मिळेल. तो मी कशाला अडवू?"

मी खिडकीशी बसून पत्र लिहिलं. खाली सही करणार क्लार्क, माझ्या अज्ञानामुळे व निष्काळजीपणामुळे पुढील नऊ कामगारांच्या नोंदीत चुकीचं कारण भरलं गेलं. 'अज्ञानामुळे' लिहायला काही वाटलं नाही. 'निष्काळजीपणामुळे' या शब्दाशी मी बराच वेळ थांबलो. यादीतला दुसरा शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता, मी तो वाचला नव्हता. शब्द तसाच ठेवला आणि सही केली. साहेबांनी ते वाचून शिक्का मारला.

पत्र गेलं म्हणजे काम झालं असं नव्हतं. भट्टीवाल्याची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि आमच्या रजिस्टरला दुसरी. तो खरोखर अठ्ठावन्न भरून गेला का, हे ठरवायला तीन महिने गेले. विम्याच्या कार्यालयात तो डोळखांबहून दोन गाड्या बदलून यायचा, मी अर्धी रजा टाकून यायचो, आणि आम्ही त्याच बाकावर बसायचो. तिथे तो माझ्याशी भट्टीचं बोलायचा, भाताचं बोलायचा, या विषयावर मात्र नाही. एकदा त्याला इतका दम लागला की बाहेरच्या रसवंतीवाल्याने खुर्ची आणून दिली. मी पाठ चोळत होतो आणि तो हाताने खुणावत होता, राहू द्या.

शेवटी दुरुस्ती झाली. त्याने पैसे भरले, पावती मिळाली, आणि त्याच दुपारी दवाखान्यातून नवा पंप मिळाला. त्याने तो खोक्यातून काढला नाही. खोकंच छातीशी धरून जीपमध्ये बसला. जाताना म्हणाला, "दर वर्षी भरायचा ना? मला फोन करा. मी इसरतो."

बाकीच्या आठांचंही सांगतो. दोघे आधीच वारले होते. एक मुलाकडे गुजरातला गेला होता, त्याचा फोन लागला नाही. चौघांची कामं आठ-दहा महिन्यांत झाली. माझी बायको त्यांच्या बायकांना वर्षाच्या तारखेची आठवण फोनवरून करते. मलाही अठ्ठावन्न पूर्ण झाली. एक्स्टेन्शन मिळालं नाही. माझ्या जागी आलेल्या मुलीने माझं नाव कमी करताना स्क्रीन माझ्याकडे वळवली, आणि कारण मी माझ्या हाताने निवडलं. भावाकडे भेंडीला जातो आता. पण महिन्यातून एक दिवस बायकोला घेऊन रक्ततपासणीला जायचंच असतं, आणि कंबर आता तेवढी वाकत नाही. सुटलो असं म्हणण्याचं माझं वय निघून गेलं आहे.

नववा सापगावचा. तार ओढायच्या मशीनवर होता. त्याच्याकडे मी तीनदा गेलो. पहिल्यांदा तो घरात नव्हता. दुसऱ्यांदा त्याने मला पडवीत बसवलं, अर्ज नीट वाचला आणि विचारलं, "जोडीदाराचं नाव लिहायचंय यात. बायको गेली माझी श्रावणात. पोटात दुखायचं तिच्या. बाहेर दाखवायला आमी उशीर केला. दवाखाना बंद झाला होता ना."

मी म्हणालो, "तुमचं एकट्याचं भरू."

"माझ्या नावानं तुमी एकदा भरलात. बास झालं."

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो आतून बोलला, बाहेर आला नाही. मी पडवीच्या कडेला बराच वेळ उभा राहिलो. मग अर्ज दाराच्या फटीतून आत सरकवला. गेल्या आठवड्यात त्याच्या मुलीचा फोन आला. दाखल्यासोबत अजून काय काय लागतं, असं तिने विचारलं. मी सांगितलं. ती लिहून घेत होती. मागून त्याचा आवाज आला, कोणाचा फोन म्हणून. तिने उत्तर दिलं नाही, फोन ठेवला. मी अजून परत लावलेला नाही.